फोटोत मी कुणाकडे बघतेय

इरा, नील,

हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं नाही. तुमच्या बाबालाही नाही. देवापुढे हात जोडताना मनातल्या मनात माणूस काय काय कबूल करतो — तिथेही एवढा एक भाग मी वगळून पुढे जात आले. आज लिहायला बसले आहे. टेबल पुसलं, चष्मा पुसला, दोन पेनं काढून ठेवली. तुम्ही हसाल, आजीचं सगळं कसं जागच्या जागी! हो. माझं सगळं जागच्या जागी असतं. हे सोडून.

तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा बहुतेक बाबाच वाचून दाखवेल. त्यालाही हे तेव्हाच कळेल. असू दे.

गेल्या रविवारी इराने फोनसमोर डावा हात धरला. बोटांच्या टोकांवर फोड, आणि फोडांवर तारांच्या काळ्या रेघा. नवा बास गिटार आणलाय, रोज शाळेतून आल्यावर वाजवते म्हणाली. मागे भिंतीवर माझा फोटो होता — तोच, गणपतीच्या मांडवातला, तिने मोठा करून लावलेला. "आजी, मी सगळ्यांना सांगितलं, माझी आजी साडी नेसून स्टेजवर बास वाजवायची. तू कशी शिकलीस गं? तुझी बोटं कधी घट्ट झाली?" मी म्हटलं, होतात बाळा, तीन-चार आठवडे लागतात. मग म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोलू. आणि फोन ठेवला.

आवाज तुटत नव्हता.

त्या फोटोत मी समोर बघत नाही. मान थोडी वळलेली आहे, नजर खाली, डावीकडे. नील लहान असताना त्याने विचारलं होतं, आजी, तू कुणाकडे बघतेयस? मी म्हटलं होतं, वाजवायला शिकवणाऱ्या मास्तरांकडे. तेव्हापासून घरात तेच उत्तर चालत आलं आहे.

सिल्लोडची आजी तुम्हाला आठवते ना? कुंदाआजी — आजोबांची धाकटी बहीण. तुम्ही सुट्टीत आलात की मक्याची कणसं घेऊन यायची, गॅसवर भाजून द्यायची. पोळ्या लाटताना तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट ताठ वर राहायचं. तुम्ही दोघं तिच्या मागे उभे राहून तशीच बोटं वर करून नक्कल करायचात आणि ती पोट धरून हसायची. मी मात्र तुमच्यावर ओरडायचे. एकदा नीलला चापट मारली. त्याला कळलंच नाही आपण असं काय केलं. तू काही केलं नव्हतंस, नील.

ते बोट. तिथेच जायचं आहे मला. पण सरळ जाता येत नाही — जरा मागून येते.

तेव्हा आम्ही औरंगाबादला सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा पाटबंधाऱ्याच्या नोकरीत, मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, तुमचा बाबा बालवाडीत. घराणं मूळचं करमाडचं, तिथे शेती. कुंदा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आली होती. मी तिशीतली, ती विशीतही नव्हती. आली तेव्हा व्हय-नाय करत बोलायची. शहरातल्या मुली हसल्या की तीही त्यांच्याबरोबर हसायची. दुखवून घेणं तिला जमतच नसे. इंग्रजीत नापास झाली. मी रोज दुपारी तिला घेऊन बसायचे. "वहिनी, तुमचं ते इन, ऑन, ॲट माझ्या डोक्यात ऱ्हातच नाय. एका कानातून इन, दुसऱ्यातून आऊट." आणि स्वतःच्याच विनोदावर टाळी द्यायला हात पुढे करायची. मी टाळी द्यायचे. माझा जीव होता तिच्यावर. हे खोटं नाही. खोटं काय ते पुढे येईलच.

माझ्याबद्दल एक सांगते. माझे वडील निजामाच्या काळातले कारकून. पोलिस ॲक्शननंतर उर्दूतलं दप्तर गेलं, मराठी-इंग्रजी आली, आणि वडिलांना मध्यमवयात पुन्हा पाटी घेऊन बसावं लागलं. त्या धसक्याने त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं. मी पहिली आले. मग पहिलीच येत राहिले. जे हातात घ्यायचं ते नीट, शिस्तीत, क्रमाने करायचं, की ते येतंच — असा माझा अनुभव होता. दुसरा अनुभवच नव्हता.

त्या वर्षी कॉलनीतल्या बायकांनी ठरवलं, गणपतीत बायकांचा ऑर्केस्ट्रा करायचा. शिकवायला हमीदभाई आले. गुलमंडीजवळ त्यांचं वाद्यं दुरुस्तीचं दुकान, आणि स्वतःचा ऑर्केस्ट्रा — लग्नसराईत, गणपतीत जालना-परभणीपर्यंत जायचा. हार्मोनियम, ढोलक, खंजिरी, सगळ्यांवर बायकांनी पहिल्याच दिवशी झडप घातली. कोपऱ्यात बास गिटार तसाच पडून राहिला. जड धूड, चार जाड तारा, आणि वाजवलं तर गाणं ओळखू येत नाही. शेजारच्या जोशीकाकू म्हणाल्या, "हे कसलं गं वाद्य? गोठ्यात म्हैस हुंकारल्यासारखं वाटतंय."

कुंदाने तो उचलला. "मला म्हशीची सवय हाय," म्हणाली.

आणि मी? त्याच्याबरोबर शिकायचं एक इंग्रजी पुस्तक होतं. हमीदभाईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं, कुंदाला तर नाहीच. मी वाचून दाखवायला बसले. वाचता वाचता वाटलं, आपणही धरून बघावा. अशा आम्ही दोघी एका वाद्यावर शिकायला लागलो. हमीदभाई तो घरी नेऊ द्यायचे, फक्त आवाजाचा डबा त्यांच्या दुकानात राहायचा. डब्याशिवाय त्याचा आवाज कानाला ऐकूच येत नाही. कुंदानेच एक दिवस शोधून काढलं — गिटारचं डोकं लाकडी कपाटाच्या दाराला टेकवायचं. मग सगळं कपाट घुमतं. आतल्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. इरा, करून बघ. हे मात्र खरं आहे.

पहिले दिवस तुला सांगायला नकोत. तार दाबायची तर बोटाचं हाड दुखतं. लिंबू चिरलं की टोकं झोंबतात, तव्यावरची पोळी उलटता येत नाही, कणकेला लोखंडाचा वास येतो. मग फोड वाळतात, कातडी सोलते, खालून दुसरी येते, तीही सोलते, आणि मग एक दिवस नखाने टोचलं तरी कळत नाही अशी टणक होते. आम्ही दोघी दुपारी चहा घेताना बोटं एकमेकींच्या बोटांवर वाजवून बघायचो, कुणाची जास्त टणक. कातडी गेली तर पुन्हा यायला किती दिवस लागतात, हे मला त्या दिवसांत नीट कळलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मला नीट कळलं होतं.

मी पुस्तकाप्रमाणे शिकले. रोज ठरलेल्या वेळी, धडा संपवून पुढचा धडा. कुंदा कधी करायची, कधी करायची नाही. पण ढोलक सुरू झाला की तिचा पाय आपोआप हलायचा, आणि तिची तार बरोबर तिथे पडायची जिथे ढोलकाची थाप पडत होती. खाली पाया घातल्यासारखी. माझीही पडायची, पण जरा आधी, किंवा जरा नंतर. मला ते कळायचं. सगळ्यात वाईट काय सांगू? ते मला ऐकू यायचं. मला ऐकूच आलं नसतं तर किती बरं झालं असतं.

एक दिवस हमीदभाईंनी मला मधेच थांबवलं. चिडून नाही, उलट मायेने म्हणाले, "भाभी, आप गिनते बैठे. बच्ची सुनती." आणि कुंदाकडे वळून, "मेरा बास वाला लड़का दुबई चला गया. गणपती में अच्छा बजा के दिखा, फिर मेरे साथ चल. जालना, परभणी, सब जगा. बोल, हौ?"

"हौ!" कुंदा म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले.

घरी आल्यावर तिने आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "आधी गणपतीत काय दिवे लावतेस ते बघू. मग ठरवू." म्हणजे नाही म्हणाले नाहीत. त्या घरात, त्या काळात, नाही न म्हणणं हे केवढं मोठं होतं, ते तुम्हाला तिकडे बसून कळणार नाही. कुंदाला कळलं होतं. ती पोळीला तेल लावतानाही पायाने ताल धरायची. आता सगळं गणपतीवर होतं.

आता येते त्या दुपारवर.

कुंदासाठी सिल्लोडचं स्थळ आलं होतं. मध्यस्थ म्हणजे आजोबांचे मामा. त्या दुपारी ते आले तेव्हा घरी मी एकटीच होते. मामांना बोलायला फार आवडायचं. पाण्याचा तांब्या अर्धा रिकामा करून म्हणाले, "सूनबाई, पोरगं सोन्यासारखं हाय, पण गाण्याचं लई येडं. टेपरेकॉर्डर घेतला तर बापानं समद्या गल्लीत बोंब ठोकली, पोरानं म्हशीचे पैसे घालून खोका आणला म्हणून! आता मी म्हणलं, काही झाकून ठेवायला नको. त्याला सांगून टाकलं, पोरगी ते धुमधुम कायतरी वाजिवते. तर गडी म्हणतो कसा, मग तर पहिले तेच ऐकायचं! त्याच्या आईलाबी विचारलं. ती म्हणली, गाऊ द्या, वाजवू द्या, भाकरी थापता येते ना? मंग झालं तर." जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "कुंदीला एवढं सांग. घाबरू नको म्हणावं. बिनघोर वाजीव म्हणावं."

एवढंच सांगायचं होतं मला. एवढा एक निरोप.

कुंदा कॉलेजातून आली तेव्हा मी मेथी निवडत होते. ती शेजारी बसली, जुडी ओढून घेतली. मी मान वर न करता म्हटलं, "मामा येऊन गेले. मुलाची आई जुन्या वळणाची आहे म्हणे. मुलीचे हात हातात घेऊन बघते. वाजवणाऱ्याची बोटं घरात नकोत म्हणाली."

हे मी आधी ठरवलं होतं का? कितीदा विचारलंय स्वतःला. मामा गेल्यापासून कुंदा येईपर्यंत मी मेथीच निवडत होते. वाक्य तयार नव्हतं. पण तोंडातून निघालं तेव्हा ते इतकं घडीव, इतकं नीट निघालं, की तयार नव्हतं असं कोणत्या तोंडाने म्हणू?

ती गोंधळली. "वहिनी, करमाडात समद्या बायांच्या हाताला घट्टे असतेतच की. खुरप्याचे. त्यात काय बघायचं?"

"खुरप्याचे घट्टे तळहाताला पडतात, कुंदा. बोटांच्या टोकांना नाही. टोकांना घट्टे कुणाचे असतात — वाजंत्र्यांचे."

तिने जुडी खाली ठेवली. आपल्याकडे शेतजमीनवाल्या घरात हा शब्द कसा लागतो, ते मला ठाऊक होतं. लग्नात वाजवणाऱ्यांना जेवायला कुठे बसवत, ते ती लहानपणापासून बघत आली होती. मी इंग्रजी शिकलेली, शाळेत मुलींना समता शिकवणारी — आणि हत्यार हवं होतं तेव्हा मी नेमका तोच शब्द उचलला.

मग ती म्हणाली, "मग नाय म्हणून सांगू का त्यांना?"

बघा. ती स्थळ सोडायला तयार होती. वाजवणं सोडायला नाही.

मी म्हटलं, "तुझ्या दादांनी बोलावलंय त्यांना. त्यांना तोंडघशी पाडायचं का?" आणि मग, मऊ आवाजात, "अगं, घट्टे काढून टाकू. बघून जातील. मग वाजव पुन्हा. गणपतीला अजून अवकाश आहे."

गणपतीला अवकाश नव्हता. कातडी पुन्हा यायला जेवढे दिवस लागतात, तेवढे उरले नव्हते. मी मनातल्या मनात मोजलं होतं. मोजता मला येतच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आजोबा कचेरीत गेल्यावर, मी बंबातलं गरम पाणी काढलं, त्यात सोडा टाकला, तिचा डावा हात त्यात बुडवून ठेवायला सांगितला. बोटं पांढरी पडली, सुरकुतली. मग मी टाचा घासायची वज्री घेतली. तांब्याची होती, माझ्या माहेरची. पहिलं बोट. ती इकडचं तिकडचं बोलत होती. मग मधलं. मधलं बोट सगळ्यात टणक होतं, कारण जाड तारेवर तिचं तेच बोट पडायचं. "वहिनी, बास. निघाला." मी घासत होते. "वहिनी, रक्त आलं वो."

मी आणखी दोनदा वज्री फिरवली.

कातडी तर निघाली होती. मग ते दोनदा कशासाठी? एवढ्या वर्षांत बाकी सगळ्याला मी नावं दिली — भीती म्हटलं, घराची अब्रू म्हटलं, तिचंच भलं म्हटलं. त्या दोन वेळांना देता आलं नाही. तिने हात ओढून घेतला नाही. पाटावर बसून माझ्याकडे बघत राहिली, कारण मी तिची वहिनी होते, आणि वहिनी करते ते काहीतरी कारणानेच करते.

उरलेली दोन बोटं मी तशीच सोडली. हळद लावून चिंधी बांधली.

पुढच्या दोन दिवसांत बोट सुजलं, लाल झालं, ठणकायला लागलं. आत पू झाला. मी कडुलिंबाचा पाला गरम करून बांधत राहिले. डॉक्टरांकडे नेलं नाही — ते विचारतील, काय लागलं होतं. शेवटी ती तापाने फणफणली तेव्हा नेलं. त्यांनी विचारलंच. मी म्हटलं, निवडुंगाचा काटा. कुंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "व्हय, काटा." डॉक्टरांनी चिरा दिला. म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. बोट राहिलं, पण वरचं पेर पुन्हा वाकलं नाही, आणि टोकाला स्पर्श कळेनासा झाला. गरम तवा लागला तरी तिला वास आल्यावर कळायचं.

एवढं होईल असं मला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं हे खरं आहे. पण मला जेवढं हवं होतं तेवढं तर मी केलंच होतं. जास्तीचं आपोआप झालं, एवढाच फरक.

बघायला मंडळी आली तेव्हा बोटाला पट्टी होती. करमाडहून आलेल्या सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हाताला चिंधी बांधून पोरगी दाखवायची का? म्हणतील, कामानं पार चिरडून टाकली नणंदेला." सगळे हसले. मुलाच्या आईने कुंदाला जवळ बसवलं, गाल कुरवाळला. हाताकडे बघितलंसुद्धा नाही. कुंदाच्या ते लक्षात आलं असेल का? मला वाटतं ती इतकी घाबरलेली होती, की नसेल आलं.

आणि मग मुलगा — म्हणजे तुमचे सिल्लोडचे आजोबा — थोडा लाजत पुढे झुकला. "तुम्ही काहीतरी वाजवता, असं मामा म्हणाले."

तिला तो सापळा वाटला. मीच तसं शिकवलं होतं. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही. त्या आमच्या वहिनी वाजवतात."

मी समोर चहाचे कप घेऊन उभी होते. तोंड उघडायचं होतं फक्त. मामाही तिथेच होते, ते जरा चकित झाले, मग त्यांना वाटलं असेल पोरगी लाजते आहे. मी कप फिरवले. मुलगा माझ्याकडे बघून आदराने हसला, पण त्याचा चेहरा उतरला होता. तेवढं दिसत होतं.

लग्न ठरलं. माणूस भला निघाला, तुम्हाला माहीतच आहे.

गणपतीच्या आधी हमीदभाईंनी कुंदाचा हात हातात घेऊन पट्टीकडे बराच वेळ बघितलं. मग गिटार माझ्यापुढे धरला. "अब क्या करते, भाभी. आप संभालो." त्यांनी पूर्ण म्हणायच्या आत माझा हात पुढे गेला होता. हे कुणाला दिसलं नाही. मला दिसलं.

त्यानंतर मी कधी वाजवला नाही. मला कुणी जालन्याला बोलावलं नाही, परभणीलाही नाही. पण फोटो राहिला. दिवाणखान्यात लागला. तुमचा बाबा मोठा झाला तसा येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागला, आमची आई त्या काळात बास वाजवायची! मी चहा टाकायला उठायचे. लोकांना वाटायचं, किती विनयशील बाई.

कुंदा सिल्लोडला सुखाने राहिली, असं म्हणतात. म्हणतात काय, राहिली. घरात कायम टेप चालू, नंतर रेडिओ, नंतर मुलांनी आणून दिलेलं काय काय. माहेरी आली की माझ्यासाठी साडी आणायची. चारचौघींत म्हणायची, "माझं लग्न जमलं ते वहिनीमुळं. त्यांनी बोटं घासून काढली नसती तर फिरलंच असतं स्थळ." हसून सांगायची. दर वेळी. मी दर वेळी ऐकून घेतलं. एकदा तरी मला म्हणता आलं असतं — कुंदा, तसं काही नव्हतं गं. मामा उलटंच सांगून गेले होते. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच असायचो, तेव्हा तरी. नाही म्हटलं. आधी वाटलं, आता संसार चांगला चाललाय, कशाला. मग वाटलं, आता मुलं झाली, कशाला. मग वाटलं, आता म्हातारपणी कशाला. कशाला हा शब्द मी आयुष्यभर पुरवून वापरला.

ती गेली तेव्हा तुम्ही येऊ शकला नाहीत. तेराव्याला मी सिल्लोडला गेले. तिचे यजमान माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, एक गंमत सांगू? मामांनी मला सांगितलं होतं, पोरगी धुमधुम कायतरी वाजवते. मी ओळखलं, बास. मी तेवढ्यावरच हो म्हणायला आलो होतो. लग्नात भेट द्यायला एक बघूनही ठेवला होता मुंबईत. मग कळलं, वाजवता तुम्ही. मामांची गल्लत झाली बिचाऱ्यांची."

सांगायला याहून सोपी जागा मला पुन्हा मिळाली नसती. कुंदा नव्हती, मामा कधीच गेले होते, आणि समोर तो माणूस बसला होता, ज्याला ते कळायला हवं होतं.

मी म्हटलं, "हो. मामांची गल्लत झाली असणार."

हे तरुणपणी केलेलं नाही, बाळांनो. हे मी पांढऱ्या केसांनी केलं. गेल्या वर्षी.

हे पत्र झालं की सिल्लोडच्या आजोबांनाही लिहिणार आहे. पाकीट काढून ठेवलं आहे.

आणि आता तो फोटो. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात गर्दी होती, कॉलनीची, बाहेरची. साडीच्या पदरावरून तो जाड पट्टा घेतला होता, खांदा दुखत होता. पहिली गाणी निभावली. मग एका गाण्यात ढोलकाने लय वाढवली आणि माझं मोजणं सुटलं. एक, दोन — पुढे काही आठवेना. बोटं तारेवर नुसतीच पडलेली. खाली काही उरलंच नाही; गाणाऱ्या बाईलाही ते जाणवलं, तिने वळून बघितलं. मी हमीदभाईंना शोधलं. ते हार्मोनियमवाल्या बाईकडे वाकून काही सांगत होते. मग मी खाली, डावीकडे बघितलं.

बायकांच्या पहिल्या ओळीत कुंदा बसली होती. डावा हात पट्टीसकट छातीशी धरलेला. उजवा हात गुडघ्यावर. ती माझ्याकडे एकटक बघत होती आणि त्या हाताने ताल देत होती — जोरात, हात उंच उचलून, मला वरून दिसावा म्हणून. ओठांनी म्हणत होती, आता, आता, आता. मी तिच्या हाताकडे बघून तार ओढली. बरोबर पडली. पुढचीही पडली. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

फोटोत ती नाही. चौकटीच्या बाहेर राहिली. पुढचा सगळा कार्यक्रम मी तिच्या त्या हाताकडे बघून वाजवला, आणि ती एकदाही चुकली नाही.